क्रोशाची सुई : इतिहास व मोल



क्रोशाचें विणकाम हा इतिहासाचा विषय नव्हे, तो दुपारच्या फावल्या वेळेचा विषय आहे, असें पुष्कळांस वाटेल. टेबलावरचा रुमाल, दारावरचें तोरण, तान्ह्या बाळाचें टोपडें, एवढीच त्याची ओळख आपल्या घरांतून असते. परंतु जेथें माणसाचे कष्ट आहेत तेथें इतिहास हा असतोच. आणि या आकड्याच्या सुईचा इतिहास भूक व स्वावलंबन या दोन गोष्टींशीं निगडित आहे.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा. आपल्याकडे कच्छचे मोची आरीच्या टोकानें साखळीचा टांका घालीत. त्याच जातीचें भरतकाम अठराव्या शतकांत युरोपांत लोकप्रिय झालें. पुढें खालचें कापड काढून टाकून नुसत्या दोऱ्याचीच साखळी विणण्याची कल्पना त्यांतून निघाली, असें कांहीं अभ्यासक मानतात. १८४० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें क्रोशाच्या नमुन्यांचीं पुस्तकें छापून निघूं लागलीं आणि ही कला सुखवस्तु घरांतून पसरली.

पण तिला खरें महत्त्व आलें तें आयर्लंडांत. १८४५ पासून तेथें बटाट्याचें पीक रोगानें बुडालें व भीषण दुष्काळ पडला. तेव्हां मठांतील जोगिणींनीं गरीब मुलींस व बायकांस क्रोशाची जाळी विणावयास शिकविली. जुन्या पद्धतीची उंची जाळी शिकण्यास वर्षें लागत. क्रोशास एक सुई व दोरा पुरे. त्या जाळीच्या विक्रीवर अनेक कुटुंबांनीं ते दिवस काढले.

हिंदुस्थानांत ही विद्या मुख्यतः मिशनरी स्त्रियांबरोबर आली. आंध्रांतील गोदावरीकांठच्या नरसापूरास तिचा मोठा धंदाच उभा राहिला. आपल्या पुण्यांतही त्याच सुमारास स्त्रीच्या हाताला काम देण्याचा विचार रुजत होता. पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस काढलेलें शारदासदन पुढील वर्षीं पुण्यास आलें. नंतर त्यांनीं केडगांवीं दुष्काळग्रस्त मुलींस आश्रय देऊन अनेक उद्योग शिकविले. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम स्थापिला. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ मध्यें पुणें सेवासदन उभें राहिलें व तेथें अक्षरज्ञानाबरोबर शिवणकाम व परिचर्याही शिकवूं लागले. विधवेच्या हातीं कसब आलें तर तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, हा या सर्वांमागील विचार. घरोघरच्या क्रोशाच्या सुईकडे याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

आतां नवशिक्यानें आरंभ कसा करावा हें सांगतों. कारण तें समजल्याविना या कामाचें मोल समजत नाहीं. प्रथम बारीक दोरा घेऊं नये. फिक्या रंगाची जाड लोकर व तिला शोभेल अशी जाड सुई घ्यावी, म्हणजे टांके डोळ्यांस दिसतात. एक सरकगांठ सुईवर घ्यावी, दोरा आकड्यांत अडकवून गांठींतून ओढावा, कीं साखळीचा एक टांका झाला. अशा वीस साखळ्या एकसारख्या येईपर्यंत पुढें जाऊं नये. मग मुका खांब : सुई साखळींत घालून दोरा बाहेर ओढावा, सुईवर दोन फांसे होतात, पुन्हां दोरा घेऊन दोहोंतून काढावा. ओळ संपली कीं एक साखळी घालून काम उलटें फिरवावें. नवशिक्यांचा चौकोनी रुमाल पुष्कळदां त्रिकोणी होत जातो. याचें कारण ओळीच्या टोकाचा टांका सुटतो. उपाय एकच : प्रत्येक ओळीचे टांके मोजावे. दोन सुयांच्या विणकामांत एका वेळीं अनेक फांसे सुईवर असतात. क्रोशांत बहुधा एकच. म्हणून चूक झाली तर दोरा ओढून उसवावें व पुन्हां विणावें, यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

एवढें केल्यावर वीतभर रुमालास किती वेळ लागतो हें ज्याचें त्याला कळतें. आणि येथेंच मुख्य मुद्दा येतो. मोजे विणण्याचें यंत्र १५८९ मध्येंच इंग्लंडांत निघालें. परंतु खरें क्रोशाचें काम कारखान्यांत यंत्रावर होत नाहीं. बाजारांत दिसणारी क्रोशाची प्रत्येक वस्तु कोणाच्या तरी हातानें विणलेली असते. ती अगदीं स्वस्त मिळाली, तर समजावें कीं त्या हातास पुरतें मोल मिळालेलें नाहीं. मारिया मीस या जर्मन विदुषीनें १९८२ मध्यें नरसापूरच्या जाळीवालींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तींत दाखविलें आहे कीं, दिवसाचे अनेक तास विणणाऱ्या या बायका 'घरीं बसणाऱ्या गृहिणी' म्हणून गणल्या जात. म्हणून त्यांची मजुरी नाममात्र, आणि नफा व्यापाऱ्यांचा.

पुण्याच्या मार्केट यार्डांत सकाळीं जाऊन पाहा. तेथें गूळ, कांदा, धान्य सर्व कांट्यावर चढतें. पाठीवर पोतें वाहणाऱ्या हमालाच्या श्रमासही दर आहे. परंतु तो आपोआप ठरला नाहीं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटना झगडल्या, १९६९ मध्यें माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हां त्या पाठीचे कष्ट 'काम' म्हणून मान्य झाले. त्याच यार्डाच्या परिसरांत एखादी गृहिणी दुपारीं तोरण विणून विकते, तेव्हां तिच्या बोटांना मात्र कांटा नाहीं कीं दर नाहीं. 'बसल्या बसल्या केलें', एवढ्या एका वाक्यानें तिची मजुरी बुडते.

म्हणून क्रोशा शिकणाऱ्या भगिनींस माझी सूचना अशी कीं, टांक्यांबरोबर तासही मोजून वहींत टिपून ठेवावे. वस्तु विकावयाची असेल तर दोऱ्याच्या किंमतींत त्या तासांची मजुरी मिळवावी. भेट द्यावयाची असेल तर आपण काय देत आहों हें तरी कळेल. विकत घेणाऱ्यांनीं घासाघीस करण्यापूर्वीं एकदां स्वतः वीस साखळ्या घालून पाहाव्या. पुढची किंमत कशी ठरवावी, हें मग त्यांस सांगावें लागणार नाहीं.