पायांची वाट, मुळांचा वाफा

वारकरी माउली, जव्हार संस्थानच्या उत्पत्तीची एक कथा जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. जयबा मुकणे यांनी तिथल्या प्रमुखाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणे किरकोळ वाटले, म्हणून होकार मिळाला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापून एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी वेढला गेलेला मुलूख आपला केला. ही झाली दंतकथा. पुढे 1343 मध्ये या घराण्यातील नेमशहांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि 1948 च्या विलीनीकरणापर्यंत संस्थान टिकले, हा इतिहास.

या मान्यतेच्या आधी अर्धे शतकही झाले नव्हते, तेव्हा 1295 मध्ये अरण गावी सावता महाराजांनी देह ठेवला. त्यांनी मळ्याची हद्द वाढवली नाही. होत्या त्या मळ्याची निगा राखली आणि तिथेच पांडुरंगाला पाहिले. म्हणून आजही पंढरीहून विठ्ठलाची पालखी अरणला येते, देव भक्ताच्या मळ्याकडे जातो. जमीन किती आहे यापेक्षा ती कशी राखली आहे, हा सावता महाराजांचा धडा आपण कीर्तनात ऐकतो. जव्हार-मोखाड्यात हाच धडा लेकरांच्या ताटाशी येऊन भिडतो.

1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. जिल्हा बदलला तरी 2016 मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. त्या घरांत नागली, वरई, भात पिकत नव्हते असे नाही. पण ते पुरेसे नव्हते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाच्या ताटात हिरवी भाजी क्वचितच पडे. पहिल्या पावसानंतर रानात शेवळा, टाकळा, लोथ मिळते. त्यांचा हंगाम सरला की ताट पुन्हा कोरडे.

मग दारातच भाजी का लावायची नाही? आधी इथली जमीन आणि इथला पाऊस पाहा. वर्षाचा पाऊस साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या वर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उताराची वरकस जमीन, खाली मुरूम आणि वर मातीचा पातळ थर. सपाट जागेत मेथी टाकली तर आषाढाच्या झडीत ती सडते आणि माती ओढ्याला लागते. एप्रिलमध्ये त्याच पाड्यावर बाया डोक्यावर हंडे घेऊन पाणी शोधतात. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. चार महिने पाणी जास्त आणि पुढे पाणी नाही, अशा दुहेरी अडचणीला उत्तर देणारी रचना म्हणजे गादीवाफा.

ही कल्पना इथल्या माणसाला परकी नाही. नागली आणि भाताच्या रोपासाठी तो पिढ्यान् पिढ्या राब भाजतो. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा निवडायची, पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून जाळायचे आणि त्या राखेत बी टाकायचे. रोपासाठी जागा वेगळी राखावी, ही समज त्यात आहेच. दूर मेक्सिकोतही जुन्या काळी लोकांनी तळ्यातला गाळ उपसून उंच वाफे रचले आणि मधल्या चरांतून होड्या नेल्या. तिथे वाटच पाण्याची होती.

परसात गादीवाफा करायचा तर माप आपल्या अंगातच आहे. रुंदी तीन ते साडेतीन फूट ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. उंची एक वीत. लांबी जागेप्रमाणे, पण उताराला आडवी. कडेला दगड रचावेत. या भागात त्यांची वाण नाही. आत माती, कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि थोडी राख. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडावी आणि तिच्यावर भाताचा पेंढा पसरावा. पावसाळ्यात वाफ्यातले जादा पाणी या वाटेत उतरते. तिला एका बाजूला किंचित उतार द्यावा आणि शेवटी अळू, केळ किंवा पपई लावावी. उन्हाळ्यात मोरीचे सांडपाणी त्याच झाडांना द्यावे.

जागा कमी असली की पहिला मोह होतो तो वाटेवर. एवढी जमीन चालण्यासाठी वाया का घालवायची, असे वाटते. पण वाट नसेल तर पाय वाफ्यात पडतो, माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी मुरत नाही. वाफा भुसभुशीत राहतो तो वाटेमुळेच. आपण वारकरी हे सहज समजू शकतो. दिंडी ठरल्या वाटेने चालते, म्हणून शेजारचे उभे पीक तुडवले जात नाही. पायांना नेम लागला की बाकीचे निर्भय वाढते.

‘उमेद’ अभियानाने बचत गटांच्या बायांकडे पोषण परसबागेचा विषय नेला आणि बाएफ संस्थेचा आंबा-काजूच्या वाडीचा कार्यक्रमही या भागात रुजला. तरीही चार वाफे कुपोषण संपवतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गावात रोजगार हवा, अंगणवाडीत आहार हवा, वेळेवर डॉक्टर हवा. घर वीटभट्टीवर गेले की वाफ्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. पण पावसाळ्यात, जेव्हा घरातली कणगी रिकामी होत आलेली असते, तेव्हा उंच वाफ्यावरचा लाल माठ, अंबाडी, भेंडी आणि मांडवावरचे दोडके लेकराच्या ताटात पडतात. हे थोडे नाही.

आषाढीला इथल्या घरांत आवणीची घाई असते. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची पौष वद्य एकादशीची यात्रा मात्र खाचरे मोकळी झाल्यावर येते. त्या वाटेने आपण मोखाड्याहून गेलात, तर एखाद्या पाड्यावर क्षणभर थांबून दारामागचे परस पाहा. वाफे आखलेले दिसले, तर त्या माउलीला चार पालेभाज्यांचे बी द्या. आणि आपल्या घरी परतल्यावर मृगाच्या आधी एक वाफा करा, त्याच्या शेजारची वाट सोडायला विसरू नका.

रामकृष्ण हरी.