क्लोरीनपूर्वीचे आठ महिने: रणांगणावरील अश्रुधूर

पहिल्या महायुद्धातील रासायनिक शस्त्रांचा इतिहास सामान्यतः २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने सोडलेल्या क्लोरीनपासून सांगितला जातो. परंतु त्याआधीच्या आठ महिन्यांत अश्रुकारक रसायनांनी ती वाट मोकळी केली होती, आणि त्या कालखंडाकडे झालेले दुर्लक्ष निश्चितच खटकणारे आहे. ही रसायने बहुधा द्रव किंवा घन असतात. त्यांचे सूक्ष्म कण अथवा वाफ डोळे, नाक व घसा यांतील वेदनावाहक मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे डोळे आपोआप मिटतात आणि नेम धरणे अशक्य होते.

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच सैनिकांनी इथिल ब्रोमोअॅसिटेट भरलेली काडतुसे वापरली. हेच रसायन पॅरिसच्या पोलिसांकडे आधीपासून होते. एकेका काडतुसातील मात्रा इतकी अल्प होती, की उघड्या मैदानात तिचा परिणाम जवळपास जाणवलाच नाही. २७ ऑक्टोबर रोजी जर्मनांनी फ्रान्समधील नव्ह शापेल येथे शिंका आणणाऱ्या भुकटीचे सुमारे ३,००० तोफगोळे डागले, तेव्हाही प्रतिपक्षाला काही वेगळे घडल्याचे कळले नाही. दुसऱ्याच दिवशी त्या गावावर चालून गेलेल्या ब्रिटिश सैन्यातील हिंदी तुकड्यांत खडकीच्या सॅपर्स (लष्करी अभियंते) पलटणीच्या दोन कंपन्या होत्या. पुढे हान्स टापेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने झायलिल ब्रोमाइड या अश्रुकारक द्रवाचे गोळे सिद्ध केले, आणि ३१ जानेवारी १९१५ रोजी पोलंडमधील बोलिमुव येथे असे सुमारे १८,००० गोळे रशियन फौजेवर सोडण्यात आले, मात्र कडाक्याच्या थंडीत त्या द्रवाची पुरेशी वाफ झाली नाही.

१८९९ च्या हेग जाहीरनाम्याने गुदमरवणारे किंवा अपायकारक वायू पसरवणे हाच एकमेव हेतू असलेल्या प्रक्षेपकांना, म्हणजे फेकून मारायच्या गोळ्यांना, मनाई केली होती. नव्ह शापेलच्या गोळ्यांत शिशाच्या गोळ्याही असल्याने हेतू ‘एकमेव’ नव्हता. आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी ईप्र येथे क्लोरीन जमिनीत रोवलेल्या नळकांड्यांतून सोडला, तेव्हा तर प्रक्षेपकच उरले नव्हते. बंधनाच्या शब्दांना अशी बगल देण्याची सवय सौम्य रसायनांपासून लागली, हीच या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब मानावी लागते.

युद्धात रासायनिक शस्त्रांच्या वापरास मनाई करणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनेही अश्रुधुराचा नावाने उल्लेख केला नाही. अमेरिकेने हा प्रोटोकॉल १९७५ पर्यंत संमत केला नव्हता, आणि व्हिएतनाम युद्धात तिने १९२८ साली प्रथम तयार झालेले ‘सीएस’ हे रसायन भुयारे व खंदकांतील माणसांना बाहेर काढण्यासाठी हजारो टन वापरले. बाहेर पडलेल्यांवर अनेकदा तोफांचा वा बॉम्बचा मारा होई, म्हणजे न मारणारे म्हटलेले हे साधन मारण्याच्याच कामी येत होते. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारात युद्धपद्धती म्हणून अशा रसायनांचा वापर निषिद्ध ठरवणारी स्वतंत्र तरतूद आहे. देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मात्र त्याच करारात मुभा आहे.