बोलावलेली गर्दी

२७ मे २०२५, रात्र

परतवाड्याहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. त्यामुळे जितेश शर्मा बॅट घेऊन उतरला की इथला माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. जिल्ह्याचा पोट्टा आहे. विदर्भाकडून खेळत तो वर आला, आधी पंजाबकडून आयपीएल खेळला आणि २०२४च्या लिलावात बंगळुरूने त्याच्यावर ११ कोटी लावले. एरवी कोहलीशी ज्यांचं देणंघेणं नाही, तेही त्या हंगामात बंगळुरूचे झाले.

लखनौचा हा साखळीतला शेवटचा सामना. जिंकलं तर पहिल्या दोघांत जागा, म्हणजे अंतिम फेरीसाठी दोन संधी. हरलं तर एलिमिनेटर, जिथे एक चूक आणि घरी. आधीच्या सामन्यात हैदराबादने बंगळुरूला ४२ धावांनी हरवलं होतं. कर्णधार पाटीदारचं बोट दुखावलेलं, म्हणून नेतृत्व जितेशकडे. ऋषभ पंतने नाबाद ११८ केले, लखनौने २२७ धावांचा डोंगर रचला. कोहली गेला तेव्हा बंगळुरू ४ बाद १२३.

तिथून पुढे जितेशने जे केलं ते वऱ्हाडातल्या खेळाडूने आयपीएलमध्ये खेळलेल्या सर्वोत्तम खेळींपैकी एक आहे, असं मी बेधडक म्हणेन. ३३ चेंडूंत नाबाद ८५. अर्धशतकाच्या उंबरठ्यावर दिग्वेश राठीला उलटा स्वीप मारताना तो झेलबाद झाला, पण गोलंदाजाचा मागचा पाय बाजूच्या रेषेला लागला होता. नो-बॉल. पुढच्या फ्री हिटवर षटकार. त्याच षटकात राठीने नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला त्याला धावबाद करण्याचा प्रयत्न केला, पंतने अपील मागे घेतलं आणि दोघांनी मैदानातच मिठी मारली. मयंक अग्रवालबरोबर १०७ धावांची अभेद्य भागी, आठ चेंडू राखून विजय. परक्या मैदानांवरचे सातही साखळी सामने जिंकणारा बंगळुरू हा आयपीएलमधला पहिला संघ ठरला.

दोनच दिवसांनी मुल्लांपूरला पंजाबचा डाव १०१ धावांत आटोपला. बंगळुरूने दहा षटकांत खेळ खलास केला. अठरा वर्षं ज्या करंडकासाठी लोक थांबले होते, तो आता एका सामन्यावर आला.

३ जून, संध्याकाळी साडेसहा

अहमदाबादचा अंतिम सामना सुरू व्हायला तास होता. त्याच वेळी बंगळुरूत राज्य क्रिकेट संघटनेचं एक पत्र कब्बन पार्क पोलीस ठाण्यात पोचलं. संघ जिंकला तर विजययात्रा काढायचा विचार आहे, असा त्याचा आशय. ही वेळ कर्नाटक सरकारने पुढे उच्च न्यायालयात दिलेल्या अहवालात आहे. किती माणसं येतील, कुठून आत जातील, जबाबदार कोण, यातलं त्यात काही नसल्याने परवानगी दिली नाही, असं त्या अहवालाचं म्हणणं. बंगळुरूच्या २००९च्या आदेशाप्रमाणे अशा जमावासाठी ठरलेल्या नमुन्यात सात दिवस आधी अर्ज करावा लागतो.

सामना जिंकायच्या आधी मिरवणुकीची तयारी ठेवण्यात गैर काही नाही. पण ती तयारी मिरवणुकीची हवी. इथे एक कागद तेवढा पुढे सरकला होता.

३ जून, रात्री साडेअकरा

१९० विरुद्ध १८४. जितेशने दहा चेंडूंत २४ केल्या, सहा धावांनी जिंकलेल्या सामन्यात त्या किती मोलाच्या ते सांगायला नको. शेवटचं षटक संपायच्या आधीच कोहलीचे डोळे भरून आले. आमच्याकडेही फटाके वाजले. बंगळुरूत तर सारी रात्र रस्ते भरलेले होते आणि पोलीस पहाटेपर्यंत बंदोबस्तावर. हेच थकलेलं दल काही तासांनी पुन्हा रस्त्यावर उभं राहणार होतं.

४ जून, सकाळी ७ वाजून १ मिनिट

बुधवार, कामाचा दिवस. संघाच्या अधिकृत खात्यावरून समाजमाध्यमांवर पहिली पोस्ट पडली: विधानसौधपासून चिन्नास्वामी स्टेडियमपर्यंत विजययात्रा, सगळ्यांनी या. आठ वाजता तेच निमंत्रण पुन्हा. ८ वाजून ५५ मिनिटांनी कोहलीची चित्रफीत, हा आनंद बंगळुरूच्या लोकांबरोबर साजरा करायचाय असं सांगणारी. सरकारी अहवालाप्रमाणे या पोस्ट ४४ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या.

जो माणूस आपला म्हणून अठरा वर्षं सांभाळला, तो स्वतः 'या' म्हणतोय. मी बंगळुरूत विशी-पंचविशीचा असतो तर गेलो असतो. घरातल्या पोरांनाही घेऊन गेलो असतो. म्हणून त्या दिवसाच्या गर्दीला बेभान, बेशिस्त म्हणणारी भाषा मला सहन होत नाही. ती माणसं बोलावल्यावरून आली होती.

सकाळी ११ वाजून ५६ मिनिटं

वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं: विजययात्रा नाही, विधानसौधला सत्कार आणि स्टेडियममध्ये कार्यक्रम एवढंच. माझ्या मते त्या दिवसाचा हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे. ज्यांच्या खात्यावरून लोकांना बोलावलं होतं, त्यांनी त्याच खात्यावरून, कोहलीच्याच तोंडून 'येऊ नका, यात्रा रद्द' असं सांगितलं असतं तर घरून निघालेले निम्मे तरी परत फिरले असते. पोलिसांची सूचना पोलिसांच्या खात्यावर राहिली, निमंत्रण लाखो फोनांत फिरत राहिलं.

मेट्रोच्या डब्यांतून लाल जर्सी उतरत होत्या. त्या दिवशी बंगळुरू मेट्रोने ९ लाख ६६ हजार प्रवासी नेले, एरवी हा आकडा सहा लाखांच्या आसपास असतो. गर्दी गुपचूप जमली नव्हती. तासातासाला किती माणसं कुठल्या स्थानकावर उतरतात हे मोजणारी यंत्रणा शहरात चालू होती.

दुपारी ३ वाजून १४ मिनिटं

तोवर खेळाडू एचएएल विमानतळावर उतरले होते, उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार त्यांच्या स्वागताला होते. आणि संघाच्या खात्यावरून शेवटची पोस्ट आली: पाच वाजता विजययात्रा, त्यानंतर स्टेडियममध्ये सोहळा, प्रवेशिका मोफत पण मर्यादित, संकेतस्थळावरून घ्याव्यात. प्रवेशिका लागते हे लोकांना सांगणारी ही पहिली आणि एकमेव पोस्ट. ती आली तेव्हा दरवाज्यांबाहेर उभे असलेले कित्येक जण सकाळपासून तिथे होते, आणि दाटीत फोनला रेंज मिळणं मुश्किल.

तीन तासांपूर्वी रद्द म्हणून जाहीर झालेली यात्रा पुन्हा पाचच्या वेळेसह उभी राहिली. स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार. बाहेर जमलेल्यांचा सरकारी अंदाज तीन लाखांच्या आसपास.

इथे आमच्या बहिरमची आठवण काढतो. परतवाडा-बैतूल रस्त्यावरच्या त्या जत्रेत लाखो माणसं येतात, हंडीतलं मटण आणि रोडगे खाऊन जातात. पण जत्रा डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपास भरते ती जानेवारी सरेपर्यंत चालते. जागा उघडी आणि माणूस हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा निघतो. किती लाख माणसं आली यापेक्षा किती वेळात, किती अरुंद जागेतून आणि काय मिळवायला आली, यावर सगळं ठरतं. चिन्नास्वामीला लाखोंना एकाच दुपारी, मोजक्या दरवाज्यांतून, आधी पोचेल त्यालाच मिळणाऱ्या जागेकडे ढकललं गेलं.

साडेतीन ते साडेचार

काही दरवाजे उशिरा उघडले, काही अर्धवट. कुठे लोक आत घुसायला लागले तसे ते बंद करायचा प्रयत्न झाला. या स्टेडियमचे दरवाजे थेट पदपथावर आणि रस्त्यावर उघडतात, रांगेला वेगळी जागाच नाही. चौकशी आयोगाने पुढे बोट ठेवलेल्या दोषांत हाही होता.

अशा वेळी नेमकं काय होतं ते सांगायलाच हवं, कारण 'पळापळीत तुडवले गेले' असं आपण सहज म्हणून टाकतो. एका चौरस मीटरात चार माणसं असली तरी चालता येतं. सहा-सात झाली की कुणाच्याही पायांवर त्याचा ताबा राहत नाही. मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो, पुढच्याला हात वर करता येत नाही की छाती फुगवता येत नाही. माणसं बहुधा उभ्या-उभ्या, श्वास अडकून मरतात. मागच्याला यातलं काही दिसत नाही, त्याला वाटतं दार उघडलं, म्हणून तो आणखी एक पाऊल टाकतो. त्या क्षणी गर्दीतल्या कुणाच्याच हातात काही नसतं. हातात असतं ते बाहेरून, उंचावरून पाहणाऱ्याच्या, आणि तेही अर्धा तास आधी.

एका दरवाज्यावर झालं असतं तर अपघात म्हणता आलं असतं. स्टेडियमभोवतीच्या अनेक दरवाज्यांवर तेच घडलं. अकरा जण गेले. सगळ्यात लहान शाळकरी वयाचं, मोठ्यांनीही पस्तिशी गाठलेली नव्हती. पन्नासहून अधिक जखमी. वाहतूक कोंडीत रुग्णवाहिकांना वाट नव्हती, पोलिसांनी बेशुद्ध माणसं हातांवर उचलून नेली. नंतरच्या छायाचित्रांत दरवाज्यांसमोर चपला-बुटांचा खच दिसतो.

दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉनमध्ये २०२२ साली १५९ माणसं गेली, तिथे धोक्याचा पहिला फोन पोलिसांना जवळजवळ चार तास आधी गेला होता. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोला ९७ लिव्हरपूल समर्थक गेले, दोष त्यांच्याच माथी मारला गेला. तो डाग पुसायला कुटुंबांना २०१६पर्यंत लढावं लागलं. आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं? नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेलेले ११४ गोवारी लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत मेले. गुरं राखणारी, गर्दीची सवय नसलेली माणसं म्हणून तेव्हाही बोललं गेलं. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हाला ते बोलणं आजही टोचतं.

पाचच्या सुमारास

विधानसौधच्या पायऱ्यांवर सत्कार झाला. हे निमंत्रण सरकारचं होतं, त्यामुळे सगळा भार एका संघावर टाकून राज्याला हात झटकता येत नाहीत. नंतर खेळाडू स्टेडियममध्ये आले. बाहेर माणसं गेली होती आणि आत, थोडा आवरता घेतलेला का होईना, कार्यक्रम झाला. आत कुणाला कधी आणि किती कळलं यावर वाद आहेत. पण बाहेरच्या दरवाज्यावरची खबर मैदानाच्या मध्यापर्यंत पोचवणारी वाट असायला हवी होती आणि ती नव्हती, यावर वाद होऊ शकत नाही.

त्यानंतर

रात्री मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी प्रत्येक कुटुंबाला १० लाख आणि चौकशी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलीस आयुक्तांसह काही अधिकारी निलंबित झाले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने १ जुलैला संघाला प्रथमदर्शनी जबाबदार धरलं. पोलीस काही देव नाहीत आणि त्यांच्याकडे अल्लाउद्दीनचा दिवाही नाही, असं त्या आदेशात म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये संघाने कुटुंबांना २५ लाख दिल्याचं जाहीर केलं. महिला विश्वचषकाचे बंगळुरूचे सामने नवी मुंबईला हलले, आणि २ नोव्हेंबरला भारताने विश्वचषक जिंकला तो डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

४ जुलै २०२४ला मरीन ड्राइव्हवर टी-ट्वेंटी विश्वविजेत्यांची मिरवणूक निघाली तेव्हाही आदल्या दिवशीच निमंत्रण गेलं होतं. लाखो लोक आले, काही जखमी झाले, पण निभावलं. त्या निभावण्याला सगळ्यांनी नियोजन समजलं, असं मला वाटतं. वर्ष उलटायच्या आत बंगळुरूने तीच वाट धरली आणि हाताशी वेळ त्याहूनही कमी ठेवला.

आदेशातले सात दिवस ४ जूनपासून मोजले असते तर यात्रा ११ जूनला निघाली असती. त्या दिवशी लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत सुरू झाली आणि जोश हेझलवूड ऑस्ट्रेलियाकडून तिथे खेळत होता. म्हणजे बंगळुरूच्या बसवर तो दिसला नसता, आणखी एखाद-दोन परदेशी खेळाडू दिसले नसते. कोहली असता, पाटीदार असता, कृणाल असता, आमचा जितेश असता. आणि खाली रस्त्यावर ते अकरा जण असते.