जमिनीवर पडलेलं तेजोवलय

सध्या पोस्टिंग होसकोट्याला. बंगळूरहून कोलारकडे जाताना लागणारं हे गाव एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. इथल्या जुन्या देवळातला महादेव अविमुक्तेश्वर. अविमुक्त म्हणजे शंकराने कधीच न सोडलेलं क्षेत्र, काशीचंच एक नाव. त्या नावाने मला काशीत राहिलेले मराठी चित्रकार प्रभाकर बरवे आठवले. त्यांची चित्रं पाहताना युरोपातला अतिवास्तववाद आठवतोच, म्हणून आधी तिकडे जाऊ.

ती चळवळ पहिल्या महायुद्धाच्या जखमांतून निघाली. १९२४ मध्ये तिचा जाहीरनामा काढणाऱ्या आंद्रे ब्रेतोंने युद्धकाळात मनाने खचलेल्या सैनिकांच्या इस्पितळात काम केलं होतं. माक्स एर्न्स्ट जर्मन तोफखान्यात होता. त्याचे वडील सश्रद्ध कॅथलिक आणि हौशी चित्रकार. त्यांनी लहानग्या माक्सलाच बाळ येशू म्हणून रंगवलं होतं. मोठेपणी, १९२६ मध्ये, त्याच माक्सने मेरी बाळ येशूला मांडीवर पालथं घालून फटके देते आहे असं चित्र काढलं. बाळाचं तेजोवलय जमिनीवर पडलेलं. अनेकांना तो देवाचा अपमान वाटला. मला त्यात युद्धावरून परतलेला माणूस दिसतो. समोरासमोरच्या खंदकांत एकाच येशूची प्रार्थना चालू होती, हे विसरून ते चित्र बघता येत नाही.

बरवे १९३६ चे, कोकणातल्या नागावचे. जे. जे. मधून शिकून १९६१ ते १९६५ बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. तिथे तांत्रिक चिन्हांशी गाठ पडली आणि ती चित्रांत उतरली. पुढे ती मागे पडली; उरलं पान, फळ, घड्याळ, रिकाम्या अवकाशात आपापल्या जागी. एर्न्स्टने देवाला माणसांच्या घरात उतरवलं. बरव्यांनी साध्या पानाला देव्हाऱ्यातल्या टाकाचा मान दिला.

आपल्या पलटणीच्या सर्वधर्म स्थळात सगळे देव एका छपराखाली असतात. पण लढाई पाहून आलेला प्रत्येक जवान तिथे पूर्वीसारखाच हात जोडेल असं नाही. कुणी देवाचं नाव काढत नाही. कुणी अंगणातल्या तुळशीकडे तासन् तास बघत बसतो. घरच्यांनी त्याचं तेजोवलय उचलून पुन्हा डोक्यावर ठेवायची घाई करू नये. तो काय बघतोय, ते शेजारी बसून आपणही बघावं.