दापोडीच्या बागेतील निनावी चित्रकार

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई ऐन भरात असताना कॅप्टन फोर्डची पलटण दापोडीहून येऊन इंग्रजांना मिळाली, हे इतिहासप्रेमींनी वाचलेले असते. फोर्डच्या दापोडीच्या बंगल्याचे पुढे काय झाले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा थ्रेड त्याविषयी.

१८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पती उद्यान उभे राहिले. १८३८ मध्ये उद्यानाची सूत्रे अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. परदेशांतील उष्ण कटिबंधांतली झाडे आणि सह्याद्रीच्या रानांतली झाडे तेथे शेजारी शेजारी वाढत.

वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवली की तिचा रंग उडतो, मांसल फूल चपटे होते. ताज्या फुलाचे रूप टिकवायचे तर चित्रकारच हवा. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने सुमारे १७० जलरंगचित्रे काढून घेतली. १८४७ मध्येच तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातील वृक्षतोडीमुळे झरे आटतात, असे त्याने सरकारला कळवले होते. एका हाताने तो तुटत्या रानाची दखल घेत होता आणि दुसऱ्या हाताने झाडे कागदावर उतरवून घेत होता.

‘दुसरा हात’ म्हणणेही अन्यायाचेच. कारण तो हात गिब्सनचा नव्हता. चित्रकार ‘पोर्तुगीज’ होता, एवढाच त्याचा माग लागतो. त्या काळच्या मुंबईत हा शब्द गोवा-वसईकडच्या एतद्देशीय ख्रिस्ती लोकांनाही सर्रास लावत. तेव्हा हा कलावंत बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा.

मेरियन नॉर्थ ही इंग्रज चित्रकर्ती बोर्निओ, ब्राझील, भारत फिरली. तिने रंगवलेल्या वनस्पतींच्या आठशेहून अधिक चित्रांसाठी १८८२ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात तिच्याच नावाचे दालन उघडले. ती स्वखर्चाने फिरणारी, सधन घरातली. हा पगारी नोकर. फरक तेथेच पडतो.

दापोडीची चित्रे आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गिब्सनचे चरित्र सविस्तर येते. चित्रकाराचे आडनाव डिसोझा होते की फर्नांडिस, हे आजही कोणाला ठाऊक नाही.