अर्धवट हौदाचा हिशेब

पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जावे आणि तिथून केळदच्या वाटेला लागावे, म्हणजे पासली हे गाव लागते. मागे तोरणा उभा असतो, आणि पुढे मढे घाट उतरला की कोकण सुरू होते. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठला नेला, असे या भागात सांगतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. इथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. उन्हाळ्यात मात्र डोंगरावरच्या वाड्यांमधल्या बायकांना हंडा घेऊन झऱ्याची वाट धरावी लागते. त्यामुळे पाणी साठवणे आणि त्यासाठी खोदणे-बांधणे ही इथली फार जुनी गरज आहे.

अलीकडे या गरजेत एक हौसही मिसळली आहे. भोर, वेल्हे, पानशेत या पट्ट्यात शहरातल्या माणसांनी जमिनी घेतल्या, घरे बांधली, आणि घरामागे पोहण्याचा तलाव हवा असे अनेकांना वाटू लागले. त्यातून एक नव्या प्रकारचे भांडण जन्माला आले. त्याचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मालकाने निम्म्याहून अधिक रक्कम आधीच दिलेली असते. खड्डा खोदून झालेला असतो, थोडे लोखंड बांधलेले असते. मग एक दिवस कामावर माणसे येईनाशी होतात. मालक म्हणतो, पैसे घेऊन ठेकेदार पळाला. ठेकेदार म्हणतो, मुरूम लागेल म्हणून दर दिला होता, लागला काळा खडक. शिवाय मालकाने दोनदा आराखडा बदलला आणि ठरलेला हप्ता अडवला. दोघांच्याही बोलण्यात थोडेफार तथ्य असते, आणि म्हणूनच हे भांडण लवकर मिटत नाही.

दोघे भांडत असताना खड्डा मात्र स्वस्थ बसत नाही. पावसाचे पाणी त्यात साठते, कडा ढासळतात, उघडे लोखंड गंजते. तळ आणि भिंती झाल्या असतील पण तलाव रिकामा असेल, तर भोवतीच्या जमिनीतले पाणी खालून रेटा देते आणि सगळे बांधकाम वर उचलले जाऊ शकते. कुंपण नसेल तर गुरे आणि लहान मुले यांच्या जिवालाच धोका. अर्धवट काम हे निम्मे काम नसते, ते पुष्कळदा नवे संकट असते. याचा सर्वांत मोठा धडा याच तालुक्याने दिला आहे. आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचे काम पुरे झालेले नसताना, पाणी सोडण्याच्या मार्गावरच्या दरवाजांचे काम अपुरे असताना, 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडले. 12 जुलैला धरण फुटले, त्याच दिवशी खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याची दैना झाली. जबाबदार कोण, हे ठरवण्यासाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांची चौकशी बसली. कुठे एवढे मोठे धरण आणि कुठे घरामागचा तलाव! पण दोन्हींकडे प्रश्न एकच उरतो. काम अर्धवट राहिले, तर त्याचा जाब कोणी कोणाला द्यायचा?

हा प्रश्न आपल्याकडे आज पडलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मजुरी घेऊन काम न करणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. काम पुरे होईपर्यंत त्याला अडकवून ठेवण्याचीही तरतूद आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत, वेतन घेऊन काम सोडणाऱ्याने दुप्पट भरावे, असे आहे. इथवर वाचले की वाटते, कायदा सगळा मालकाच्या बाजूचा. पण कौटिल्य इथे थांबत नाही. काम करणारा आजारी पडला, संकटात सापडला किंवा त्याला काम झेपेनासे झाले, तर त्याला सवलत द्यावी किंवा दुसऱ्याकडून काम करून घेऊ द्यावे, असे तो सांगतो. संघ करून काम घेणाऱ्यांना ठरल्या मुदतीवर सात रात्रींची जादा सवड तो देतो. आणि मालकाने थोडेसे काम करून घेऊन उरलेले करू दिले नाही, तर सगळे काम झाले असेच धरावे, हेही तो बजावतो. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे त्याने ओळखले होते.

आपल्या मराठी राज्यातही बांधकामाच्या दर्जाचा विचार बारकाईने झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या बांधणीविषयी जी शिकवण आहे, तिचा आरंभच पाण्यापासून होतो. आधी पाणी पाहा, मग गड बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडण्याजोगी नसेल, तर खडक फोडून तळी-टाकी करा, आणि ती मजबूत करा. एका पाण्यावर भरवसा ठेवू नका. तोरणा आणि राजगड इथेच समोर उभे आहेत, आणि राजगडाचा पद्मावती तलाव आजही पाहायला मिळतो. ‘काम झाले’ याचा अर्थ तेव्हा एकच होता, टाक्यात पाणी टिकले पाहिजे. मोजमापाआधी हेतू, हा धडा आजच्या करारनाम्यांनीही घ्यावा असा आहे.

इंग्रजी अमलात मात्र तराजू एका बाजूला झुकला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतल्या कारखानदारांची आणि व्यापाऱ्यांची तक्रार होती, की कारागीर आणि मजूर उचल घेतात आणि काम सोडून जातात. त्यांच्यासाठी 1859 साली तेरावा कायदा झाला. उचल घेतलेला कारागीर काम करीना, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेटने पैसे परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम द्यायचा. तो पाळला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. पुढे हा कायदा इतर भागांतही लावला गेला आणि आसामच्या चहामळ्यांत मजुरांना जखडून ठेवण्यासाठी त्याचा सर्रास वापर झाला. कौटिल्याकडे निदान मालकाचीही चूक मोजली जात होती. इथे मालकाने मजुरी बुडवली, तर मजुराला या कायद्यात तसा कोणताच उपाय नव्हता. हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडावे लागले.

दरम्यान 1872 मध्ये भारतीय करार कायदा आला होता. आजही घर, विहीर किंवा तलाव बांधून घेण्याचा व्यवहार त्याच कायद्याखाली येतो. त्याने प्रश्नच बदलला. करार मोडणाऱ्याला शिक्षा काय, असे तो विचारत नाही. ज्याच्याशी करार मोडला त्याचे नुकसान किती झाले, असे विचारतो. कलम 73 ही भरपाई सांगते. कलम 55 मुदत चुकल्यावर काय, ते सांगते. आणि कलम 53 व 67 पाहिली, तर कौटिल्याची आठवण होते. मालकानेच काम अडवले किंवा आवश्यक सोय करून दिली नाही, तर दोष ठेकेदारावर टाकता येत नाही. मालकाने जागा मोकळी करून दिली नाही, वीज-पाणी दिले नाही, तर मुदतीच्या नावाने ओरड करण्यात अर्थ नाही.

पण नुकसान मोजायचे कसे? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये घरामागच्या तलावाचाच एक खटला गाजला. केंट परगण्यातल्या फोरसाइथ नावाच्या गृहस्थांनी 1986 साली आपल्या घरी पोहण्याचा तलाव बांधून घ्यायचे ठरवले. खोल बाजूला साडेसात फूट खोली हवी, असे त्यांनी बजावले होते. तलाव बांधून झाल्यावर खोली भरली 6 फूट 9 इंच, आणि जिथे उडी मारायची तिथे फक्त 6 फूट. खोली वाढवायची तर सगळे तोडून नव्याने बांधायला हवे, आणि त्याचा खर्च 21,560 पौंड. मूळ तलावाची किंमत होती सुमारे 17,800 पौंड! ठेकेदाराचे म्हणणे, तलाव पोहायला सुरक्षित आहे, घराची किंमतही कमी झालेली नाही, मग नुकसान कुठले? खालच्या न्यायाधीशांनी 2,500 पौंड दिले. अपील न्यायालयाने पुनर्बांधणीचा सगळा खर्च दिला. शेवटी 1995 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवून पुन्हा 2,500 पौंडच कायम केले.

या निकालात दोन गोष्टी आहेत. पहिली, सगळे तोडून बांधण्याचा खर्च वाजवी नसेल, तर तो मागता येत नाही. दुसरी अधिक मोलाची. बाजारात किंमत कमी झाली नाही, म्हणून माणसाचे काहीच गेले नाही असे होत नाही. त्याने ज्या सुखासाठी पैसे मोजले, ते सुख त्याला मिळाले नाही, याचीही काही किंमत कायद्याने मान्य केली. काम टाकून गेलेल्या ठेकेदाराविषयी मात्र इंग्लंडचा जुना कायदा कठोर होता. 1898 च्या एका निकालात, 565 पौंडांच्या कामापैकी 333 पौंडांचे काम करून निघून गेलेल्या ठेकेदाराला कामाचा मोबदला मिळाला नाही. जागेवर टाकलेले आणि मालकाने नंतर वापरलेले साहित्य, तेवढ्याचीच किंमत मिळाली. आपला 1872 चा कायदा इतका कठोर नाही. कलम 70 म्हणते, फुकट म्हणून न केलेल्या कामाचा फायदा घेतला असेल, तर त्याची भरपाई करावी.

कायदा उत्तम, पण दिवाणी दाव्याला वर्षे लागतात, हा सर्वांचा अनुभव. इथे पुण्याने देशाला एक वाट दाखवली. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. ग्राहक म्हणून माणसाला काही हक्क आहेत, हा विचार घरोघर नेणाऱ्यांत ही चळवळ पुढे होती. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे का, याबद्दल वाद होता. 1993 च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातच घातला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, घरबांधणीतली हयगय ही सेवेतली त्रुटीच आहे, आणि त्यापायी झालेल्या मनस्तापाचीही भरपाई मिळू शकते, असे सांगितले. आता 2019 चा नवा कायदा लागू आहे. त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाचा तलाव वेल्ह्यात अडला असला, तरी तो आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची. तलाव धंद्यासाठी, म्हणजे हॉटेल-रिसॉर्टसाठी असेल, तर मात्र हा दरवाजा बहुधा बंद असतो. आणि महारेराकडे धाव घेऊन उपयोग नाही. ते गृहप्रकल्प विकणाऱ्यांसाठी आहे, आपल्या जागेत आपण नेमलेल्या ठेकेदारासाठी नाही.

तरीही पुष्कळ मालकांचे पाय आधी पोलीस चौकीकडे वळतात. 1859 च्या कायद्याची सवय जणू अजून मनातून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, की नुसता करार मोडणे म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दिसले पाहिजे. ठेकेदाराला धाक घालून काम पुरे होत नाही. झालेच तर कसेबसे उरकले जाते.

मग शहाणपणाचा मार्ग कोणता? तो आपल्या जुन्या खोदकाम करणाऱ्यांकडे आहे. खोदताना मधोमध मातीचा एक खुंट मूळ उंचीचा तसाच ठेवतात. काम संपले की त्यावरून खोली मोजायची, दोघांच्या समक्ष. मग ब्रासात हिशेब. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सरासरी पाच फूट खोल खड्डा म्हणजे साडेबावीस ब्रास. त्यातला मुरूम किती आणि खडक किती, हे तिथेच लिहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. खडक लागला तर काय दर, आराखडा बदलला तर कोणाचा खर्च, पावसाळ्याआधी काम कुठवर आलेच पाहिजे, हे सगळे आधी कागदावर. पैसे टप्प्याने द्यायचे. झालेल्या कामामागे, होणाऱ्या कामापुढे नाही. वाद झालाच, तर खड्ड्याला आधी कुंपण, मग छायाचित्रे, मग त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी, आणि त्यानंतर लेखी नोटीस. दुसऱ्या ठेकेदाराने काम सुरू केले की पहिल्याने किती केले होते, हे सांगायला पुरावा उरत नाही.

आणि या हिशेबात तिसरा माणूस विसरू नये. मालक आणि ठेकेदार यांच्या भांडणात हप्ता अडतो, तेव्हा पहिली झळ ना मालकाला लागते, ना ठेकेदाराला. ती लागते खडक फोडणाऱ्याला आणि पाट्या वाहणाऱ्या बाईला. त्यांची नावे कोणत्याही करारनाम्यावर नसतात. एकेकाळी कायद्याने उचलीपायी अशाच माणसांना तुरुंगात घातले होते. आज तो कायदा नाही, पण अडलेल्या हप्त्याचे ओझे अजून त्यांच्याच डोक्यावर येते. म्हणून हप्ता रोखायचाच असेल, तर त्याआधी झालेल्या कामाची मजुरी चुकती झाली ना, हे मालकाने स्वतः विचारून घ्यावे. ज्याने खड्डा खोदला त्याचे पैसे मिळाले, एवढे झाले तर उरलेले भांडण खुशाल आयोगापुढे चालू द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)