अंबाडीचं घड्याळ

अंबाडी म्हटलं की काय आठवतं? कण्या घालून शिजवलेली आंबट भाजी, वर लसणीची चरचरीत फोडणी आणि भाकरी. विदर्भातल्या मित्राला विचाराल तर तो लाल बोंडांच्या शरबतावर अर्धा तास बोलेल. पण हीच लाल अंबाडी तिकडे जमैकात नाताळचं पेय आहे. नाव 'सॉरल'. त्यात आलं, साखर आणि हवी तर रमसुद्धा! मला पहिला प्रश्न पडला तो असा, की नाताळच का?

उत्तर रोपातच आहे. दिवस साधारण साडेबारा तासांपेक्षा लहान झाला की मगच अंबाडी कळ्या धरते. आमच्या भाषेत सांगायचं तर रात्रीच्या लांबीवर लावलेला क्रॉन जॉब. आता नकाशा बघा. किंग्स्टन १८ अंश उत्तर, पुणे साडेअठरा. म्हणजे घड्याळ जवळपास एकच. पावसाळाभर नुसती वाढ, मग फुलं, आणि डिसेंबरच्या आसपास बोंडांचा ढीग. सण आणि पीक एकाच वेळी आले, इतकं साधं आहे ते.

ती तिथे पोचली कशी, ही गोष्ट मात्र साधी नाही. लाल अंबाडी मूळची आफ्रिकेतली मानतात. सेनेगलमध्ये तिचं 'बिसाप' आजही घरोघरी पितात. पश्चिम आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेली गेली आणि त्या वाटेनेच हे बी अटलांटिकपार गेलं असं म्हणतात. दिवसभर मालकाचा ऊस तोडायचा आणि उरलेल्या वेळात वाट्याला आलेल्या तुकड्यात स्वतःच्या पोटापुरतं पिकवायचं. ज्युडिथ कार्नी यांनी २००९ सालच्या पुस्तकात या तुकड्यांना जवळजवळ प्रयोगशाळेचा मान दिलाय, आणि मला तो पटतो.

जमैकातली अंबाडीची नोंद मिळते ती १७०७ ची. हान्स स्लोन या डॉक्टरच्या प्रवासग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी आला. स्लोनच्या संपत्तीत बायकोकडून आलेला जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा पैसाही होता आणि त्याच्या संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. लिनियसने झाडाला 'हिबिस्कस सबदरिफा' हे नाव दिलं तेही १७५३ मध्येच. नोंद करणारे, नाव देणारे सगळे ठाऊक आहेत. बी पेरणाऱ्या बाईचं नाव कुठेही नाही.

तिथून ती फिरतच राहिली. मेक्सिकोत तिचं नावच 'हामाइका' पडलं. १८८७ मध्ये जमैकाहून फ्लोरिडात गेली, तर १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तिचा जॅम करणारे दोन कारखाने होते. फार काळ टिकले नाहीत, असो.

आपल्याकडे तिची दुसरी ओळख दोराची. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा तागाच्या गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडे राहिल्या आणि तागाची बहुतेक शेतं पूर्व पाकिस्तानात गेली. गिरण्यांना धागा हवा होता. मग अंबाडी आणि तिच्या बहिणीचा धागा 'मेस्ता' या नावाने पोत्यांमध्ये जाऊ लागला. भाजीवालीच्या टोपलीतली ही जुडी अशी एकदा देशाच्या कामी आली आहे!

आता तुमच्या बाल्कनीबद्दल. जूनमध्ये बी रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल पेरा. कुंडी मोठी घ्या, बादलीएवढी तरी, आणि ऊन भरपूर हवं. हातभर रोप झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात (खुडलेला पाला भाजीत). आणि सोसायटीचा दिवा रात्रभर रोपावर पडत असेल तर कुंडी हलवा. त्या उजेडात अंबाडीला रात्र झाल्याचं कळतच नाही. न्यू जर्सीवाल्यांची अडचण वेगळी. त्यांचं रोप माणसाएवढं होतं, पण कळ्या येईतो थंडी येते आणि दव गोठून सगळं काळं पडतं. त्यांनी पाल्यावर समाधान मानावं.

फूल एकच दिवस टिकतं. ते गळालं की लाल आवरण फुगायला लागतं, कोवळं असतानाच तोडा. दोन-चार बोंडं मात्र झाडावरच वाळू द्या. पुढच्या जूनचं बी त्यातच आहे.